गवताला मार्क देणारा माणूस

गवताची नोकरी करणाऱ्याकडे किस्से गवतासारखेच वाढतात. सोमवारी छाटावेत, तर गुरुवारी पुन्हा हजर. गोवा मुक्त व्हायच्या आधीची गोष्ट. पनवेलजवळ नेऱ्याला एका कंपनीने साहेबलोकांसाठी गोल्फचं मैदान केलं होतं. दर महिन्याला ते तपासून गवताला शंभरपैकी मार्क द्यायचे, हे माझं काम. शेतकीचा डिप्लोमा होता. गोल्फ मात्र मी कॅलेंडरवरच्या चित्रातसुद्धा पाहिलेला नव्हता.

पहिल्याच रिपोर्टात मी ठणकावून लिहिलं, "सहा ठिकाणी गवत समूळ नष्ट, वाळू उघडी पडली आहे. ताबडतोब माती भरावी."

मॅनेजर सबनीसांनी शांतपणे चष्मा पुसला. "अहो, त्याला बंकर म्हणतात. ती वाळू आपणच ट्रकने आणून टाकलीय."

*

माझे सासरे लोकांना सांगायचे, "जावई तपासनीस आहेत." कशाचे, हे कोणी विचारायच्या आत ते चहा मागवत.

*

चेंडू घालायच्या भोकात झेंडा रोवलेला असतो, त्याभोवतीच्या मऊ हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिसऱ्या ग्रीनला मी एकदा पस्तीस मार्क दिले. शेरा, "गवत निकस." दुसऱ्याच दिवशी गावातली एक म्हैस कुंपण मोडून आत शिरली. बाकीच्या आठ ग्रीनांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, तिसरं तेवढं साफ केलं.

हेडमाळी कान्हामामा जन्माचे भातशेतीवाले. म्हणाले, "सायेब, तिनं पैकीच्या पैकी दिलं."

तेव्हापासून माझा रिपोर्ट आला की सबनीस आधी विचारत, "म्हशीने पाहिलंय का?"

*

मग एका वर्षी ग्रीनवर बारीक छिद्रं दिसू लागली. मी लिहिलं, "कीड." औषध मारलं, तरी पुढच्या महिन्यात छिद्रं होतीच. गंमत म्हणजे मी शिरताना ग्रीन स्वच्छ दिसायचं, आणि टोकाला जाऊन वळून पाहावं तर मागे ओळीने छिद्रं. मी लिहिलं, "कीड अत्यंत चपळ आहे."

सबनीस वैतागले. "पुढच्या वेळी कीड निघाली, तर कान्हामामांना घरी बसवतो."

मला फार वाईट वाटलं. पण माझ्या रिपोर्टात खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं.

तपासणीच्या सकाळी कान्हामामा ग्रीनच्या कडेला उभे होते. ते माझ्या बुटांकडे बघत राहिले. चिखलात घसरू नये म्हणून मी तळाला मोच्याकडून लांब खिळे ठोकून घेतले होते.

"सायेब, आज बूट काढून चला. आमी आताच नारल फोडलाय हितं."

मी पडलो देवभोळा. अनवाणी फिरलो. एकही छिद्र नाही! आनंदाने लिहिलं, "कीड समूळ नष्ट. शंभरपैकी नव्वद."

सबनीस खूश झाले. माझ्यासमोरच त्यांनी कान्हामामांना विचारलं, "कुठलं औषध मारलंत?"

"औषद नाय, सायेब. नवस बोललो व्हतो. फकस्त या सायबांना दर खेपेला अनवानी यायला लागंल."

पुढची सात वर्षं मी तो नवस फेडत होतो.