देऊळघाटचा भाव

बुलढाण्याजवळच्या आमच्या देऊळघाटात शिकलेलं माणूस भेटलं की दोन प्रश्न विचारतात. सरकारी का खाजगी, आणि पगार किती. पहिल्याचं उत्तर सरकारी असेल तर दुसरा विचारायची गरज पडत नाही, कारण सरकारी पगार सगळ्या गावाला पाठ असतात. माझं पडलं खाजगी. त्यातून मी सांख्यिकीतली, म्हणजे आकडेवारीवर पोट भरणारी. शेजारच्या निवृत्त गुरुजींची अजून समजूत आहे की मी जनगणना करते, आणि ती दहा वर्षांतून एकदा येत असल्यामुळे मधली वर्षं मला बसून पगार मिळतो.

गुरुजी पगार विचारतात तेव्हा मी हसून विषय बदलते. आई आतून उत्तर देते. ती जो आकडा सांगते तेवढा पगार मला आजवर कोणी दिलेला नाही. पण गुरुजी समाधानाने मान हलवतात आणि मी गप्प बसते. लोकांच्या आकड्यांतल्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं, घरातला हा एक आकडा मात्र मी कधी तपासला नाही.

आमच्या धंद्यात पगार किती, याचं खरं उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर असतं. माझ्याबरोबर शिकलेला एक जण बुलढाण्याला सरकारी कार्यालयात आहे. त्याचा मूळ पगार मुंबईतल्या त्याच पदावरच्या माणसाएवढाच, फरक काय तो घरभाडे भत्त्याचा. आमच्या पुण्याच्या कंपनीत तसं नव्हतं. काम एक, पदवी एक, पण मुंबईत राहणाऱ्याला एक पगार, पुण्यातल्याला दुसरा आणि नागपुरात घरी बसून तेच काम करणाऱ्याला तिसरा. प्रत्येक गावाला एक गुणक दिलेला होता. पुणे म्हणजे एक, मुंबई त्याच्या वर, बाकीची गावं खाली. मला ही पद्धत अतिशय न्याय्य वाटायची. मी पुण्यात होते ना.

आणखी एक कारण असं की गुणकांचा तो तक्ता मीच केला होता.

लहान गावांचे गुणक काढायला तिथले भाव हवे होते. नियम असा की बाजारात माणूस पाठवायचा आणि निदान तीन दुकानांत विचारायचं. मोठ्या शहरांत ते झालं. बुलढाणा जिल्ह्यात पाठवायला कोणी नव्हतं आणि शुक्रवारी तक्ता द्यायचा होता, म्हणून मी आईला फोन लावला. तूरडाळ विचारली तर ती म्हणाली, घरच्या शेतातली, विकत कोण आणतं. दुधाचा तिने सांगितलेला भाव ऐकून वाटलं, म्हैस उपकार म्हणूनच देत असावी. वांगी, टमाटे, मिरच्या, सगळं पाण्याच्या मोलाने. मोलकरीण विचारली तर म्हणे शेजारच्या बाया येऊन करून जातात. घरभाडं विचारल्यावर तर ती हसायलाच लागली. मी सगळं निमूट लिहून घेतलं. माहिती कोणी दिली या रकान्यात ‘स्थानिक जाणकार’ असं भारदस्त लिहिलं आणि पुढे आईचा नंबर टाकला. एका माणसाच्या सांगण्यावरून सरासरी काढणारा विद्यार्थी माझ्या हाताखाली असता तर मी त्याला सोललं असतं.

बुलढाणा तक्त्यात सगळ्यात खाली गेलं. साहेबांनी भर बैठकीत विचारलं, इतक्या स्वस्त गावातून तुम्ही पुण्याला आलात कशाला? सगळे हसले, मीही हसले. त्या तक्त्यावर मला बढती मिळाली.

चार वर्षांनी आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरला शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर तरी एकटं ठेवू नका. वडील गेल्यापासून ती एकटीच, आणि मी एकुलती एक. तिला पुण्याला न्यायचा प्रश्न नव्हता. मागे आठ दिवसांसाठी आलेली ती चौथ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी होती, कारण आमच्या मजल्यावर तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. तेव्हा मीच लॅपटॉप घेऊन देऊळघाटला आले. माजघरात टेबल मांडलं, इन्व्हर्टर घेतला आणि काम सुरू केलं.

तीन महिने कोणी काही बोललं नाही. मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून एका मुलीचा फोन आला. गोड बोलणारी, पुण्याची. म्हणाली, मॅडम, तुम्ही कायमच्या तिकडे राहणार असाल तर पगार तिकडच्या गुणकाने होईल. नाहीतर महिनाअखेर पुण्यात हजर व्हा. मी विचारलं, बुलढाण्याचा गुणक काय आहे. मला तो पाठ होता, तरी विचारला. तिने सांगितला. वर हेही सांगितलं की तक्ता फार शास्त्रशुद्ध पद्धतीने तयार केलेला आहे. मी म्हटलं, असेलच.

त्या गुणकाने माझा पगार जवळजवळ निम्म्यावर येत होता. आणि इथला खर्च? दिवसा आईजवळ बसणारी बाई, व्यायाम करून घ्यायला बुलढाण्याहून येणारा माणूस, दर महिन्याला तपासणीसाठी संभाजीनगरची गाडी, इंटरनेट बंद पडतं म्हणून घेतलेलं दुसरं इंटरनेट. पुण्याचं भाड्याचं घर सोडलं तरी मेळ बसत नव्हता. एक तर आईला परक्यांवर सोडून परत जायचं, नाहीतर गुणक बदलून घ्यायचा. मी माझ्याच तक्त्याशी भांडायचं ठरवलं.

या वेळी नियमाने. वही घेऊन बुलढाण्याच्या आठवडी बाजारात गेले. वही बघितल्यावर काही जण मला सरकारी समजून भाव उतरवून सांगायला लागले. एका भाजीवालीने तर हातातला तराजूच खाली ठेवला. ‘लिहून काऊन घेता बाई? घ्याचं का नाही ते सांगा.’ मी किलोभर टमाटे घेतले. भाव पुण्याएवढाच होता, मिरची तर वरचढ. दूध, डाळ, औषधं, सगळीकडे तेच. आईने सांगितलेले भाव कुठेच नव्हते, आणि चार वर्षांची महागाई धरली तरी ते कधी असतील असं वाटेना.

नवे आकडे रीतसर पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं. माझ्या मेहनतीचं कौतुक होतं. पण हे आकडे माझ्याच पगाराशी संबंधित असल्यामुळे एकटे धरता येणार नव्हते, आणि आधीच्या विश्वासार्ह स्थानिक जाणकाराच्या माहितीशी ते जुळत नव्हते. कंपनी त्या जाणकाराशी फोनवर बोलून खात्री करणार होती.

जाणकार खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं की तेव्हा तू इतके कमी भाव का सांगितलेस. मला वाटलं होतं, स्वस्तात घेतल्याची फुशारकी असेल.

‘तवा तू भाव इचारले, तं मले वाटलं पोरगी इकडं याचा इचार करून राह्यली,’ ती म्हणाली. ‘महाग सांगतले असते तं आली असती का तू?’

चार वर्षं तो आकडा माझ्या तक्त्यात होता. मी त्याला नावाजलं होतं, त्याच्यावर बढती घेतली होती. आई इतके कमी भाव का सांगते आहे, हा प्रश्न मात्र मला एकदाही सुचला नव्हता. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

मग मी तिला समजावलं की आता फोन येईल तेव्हा फक्त खरे भाव सांग. गाव महाग निघालं तर माझा पगार वाढेल आणि मला इथे राहता येईल. स्वस्त निघालं तर कदाचित जावं लागेल. तिने लसूण बाजूला ठेवला. ‘महाग असलं का रायता येते अन् स्वस्त असलं का जा लागते? असंच शिकवते का वं तुमच्या कालेजात?’ असंच शिकवतात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. आपण कर्मचाऱ्याच्या आईशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. आईने फोन स्पीकरवर ठेवला आणि एकेक भाव अगदी खरा सांगितला. डाळ खरी, दूध खरं, गाडीभाडंही खरं. ती मुलगी मधूनमधून ‘काय म्हणालात काकू?’ विचारत होती, कारण आमची बोली तिला नीट कळत नव्हती. मला वाटलं, जमलं. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला. बाहेरून नोकरीला आलेली एकटी मुलगी तुमच्याकडे राहिली, तर भाडं किती पडेल?

आईने माझ्याकडे पाहिलं.

‘भाडं काहाचं?’ ती म्हणाली. ‘लेक हाय ते माही. माय लेकीले भाडं मागते का?’

पलीकडून जरा चाचरत ती मुलगी म्हणाली, ‘म्हणजे... भाडं शून्य लिहू ना?’

त्या तक्त्यात सगळ्यात जास्त भार घरभाड्याला आहे. तो मीच दिलेला आहे. तिथे शून्य पडलं की डाळ आणि दूध कितीही महाग झाले तरी गाव खालीच राहतं. मला फोन हातात घेऊन सांगता आलं असतं की बुलढाण्यात भाडं असतं, चांगलं घसघशीत असतं. पण आईने माझ्याबद्दल आजवर सांगितलेल्या सगळ्या आकड्यांत हा एकच पूर्ण खरा होता. मी पुढे वाकून म्हटलं, शून्यच लिहा.

महिनाअखेर मी अर्जावर निवासाचं ठिकाण देऊळघाट लिहून सही केली. व्यायामवाल्या माणसाला नाही म्हटलं. व्यायाम मीच शिकून घेतला आणि सकाळी आईचा पाय धरून मोजत बसते. संध्याकाळी गुरुजी आले. म्हणाले, आता इकडेच राहणार म्हणतेस, मग पगार किती?

आई वॉकर टेकत आतून येत होती. दारातूनच तिने नेहमीचा आकडा सांगितला. या खेपेला त्यात थोडी वाढही केली होती.