भारीची गोळी

औरंगपुऱ्यात आमचं मेडिकल आणि त्याच्या डोक्यावर अन्वर डॉक्टरांचा दवाखाना. मध्ये लाकडी जिना. दिवसातून कितीतरी वेळा डॉक्टर त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर यायचे, कठड्यावरून वाकायचे आणि खाली गिऱ्हाइकांची गर्दी असो नसो, एखाद्या गोळीचं नाव घेऊन विचारायचे, "वहिनी, सध्या काय भाव आहे हिचा?" मी सांगायचे. मग दुसऱ्या कंपनीची केवढ्याला, तेही विचारायचे. वर पेशंट खुर्चीत तसाच ताटकळत बसलेला. एकदा मी वैतागून म्हटलं, त्यापेक्षा तुम्ही खाली दुकानातच खुर्ची टाका ना! तर हसून म्हणाले, "बुरा मत मानो वहिनी. आधी किंमत, मग कलम. आपला कायदाच आहे तो."

हा कायदा पहिल्यापासून नव्हता. मी लग्न होऊन आले आणि फार्मसीचा डिप्लोमा पदरी होता म्हणून सासऱ्यांनी मला काउंटरवर उभं केलं, तेव्हा अन्वर डॉक्टर गाजलेले होते ते सॅम्पलसाठी. कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन जिन्यावर रांग लावायची आणि नव्या नव्या गोळ्या फुकट ठेवून जायची. बाकीच्या डॉक्टरांकडे त्या सॅम्पलांचं काय व्हायचं ते मला विचारू नका. अन्वर डॉक्टर मात्र ती सगळी एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि गरिबाघरचं कुणी आलं की मूठ भरून द्यायचे. कुणी पाया पडायला लागलं की म्हणायचे, "अरे, देणारा वर बसलाय. मी नुसता हमाल."

देण्याचा त्यांना नादच होता म्हणा ना. आमच्या धंद्यावर पाणी पडायचं, पण माणूस इतका लाघवी की राग धरवत नसे. ईदचा शीरखुर्मा सगळ्यात आधी आमच्याकडे यायचा. दिवाळीत माझ्या चकल्या दगडासारख्या झाल्या तरी हा माणूस "वा, क्या बात है" म्हणत खायचा आणि वर डब्यात भरून मागायचा.

फुलंब्रीची कौसाबाई मेथी-कोथिंबीर विकायला शहरात यायची. माल संपला की रिकामी पाटी जिन्याखाली ठेवून वर जायची. तिचं बीपी फार. डॉक्टरांनी तिला एका नव्या कंपनीची गोळी सुरू केली. चकचकीत चंदेरी स्ट्रिप, त्यावर निळं फूल. कंपनीचा माणूस सॅम्पलं भरभरून आणून द्यायचा आणि डॉक्टर ती कौसाबाईच्या ओटीत घालायचे. असे कितीतरी महिने गेले. बीपी उतरलं, तिचं डोकं दुखायचं थांबलं. खाली आली की ती मला स्ट्रिप उघडून दाखवायची. "बघ बाई, डाक्टरनं भारीची गोळी दिलीया." नवा दागिना दाखवावा तसं ते दाखवणं.

मग ती गोळी शहरात चालायला लागली. गोळी चालली की कंपनी सॅम्पलचा हात आखडता घेते, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. डॉक्टरांच्या ध्यानात आलं तेव्हा डबा रिकामा होता. त्यांनी तेच औषध एका साध्या कंपनीचं लिहून दिलं. बुटकी पांढरी गोळी, किंमत अगदीच किरकोळ. कौसाबाईला समजावलंही, "दवा वही, डब्बा अलग. घे बिनधास्त." तिनं मान हलवली. आपल्याकडे डॉक्टरसमोर सगळेच मान हलवतात.

मनातून तिला वाटलं, डॉक्टरनं हात आखडला. फुकटात खाते म्हणून आता हलकी गोळी लावली. पांढरी गोळी तिनं घरी कोनाड्यात टाकली आणि फुलंब्रीच्या दुकानातून ती चंदेरी सुटी सुटी विकत घ्यायला लागली. ती महाग, म्हणून रोजची गोळी आधी एक दिवसाआड झाली, मग बाजाराला निघायच्या दिवशी तेवढी. त्याच दिवशी डॉक्टर बीपी बघणार. त्यांना तरी काय कळणार हो?

एका सकाळी पाटी डोक्यावर घेता घेता ती अंगणातच पडली. उजवी बाजू गेली. तिला सरकारी दवाखान्यात ठेवलंय हे कळल्यावर डॉक्टर आणि मी रिक्षानं गेलो. गोळी रोज घेत होतीस ना, असं डॉक्टरांनी वाकून विचारलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द घरंगळत होते, पण कळले. "व्हय की. तुमची ती भारीचीच. इकत घेतली. पुरवून पुरवून खाल्ली." आणि डॉक्टर आता शाबासकी देतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

परतताना रिक्षात डॉक्टर म्हणाले, "हमाल म्हणायचो ना मी स्वतःला? कुणाचा हमाल, ते आज समजलं. मला वाटत होतं मी देतोय, वहिनी. मी त्या कंपन्यांचा माल पोचवत होतो." मी म्हटलं, तुमची नियत चांगली होती. त्यावर त्यांनी नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा भंगारवाल्याकडे गेला आणि तो कायदा सुरू झाला. कंपनीच्या माणसाला ते चहा पाजायचे, बॅग उघडू द्यायचे नाहीत. हळूहळू ती माणसं यायची बंद झाली. वाईट याचं वाटतं की पेशंटही बंद झाले. अन्वर डॉक्टर आता हलकी औषधं लिहितो, अशी हाकाटी झाली. ज्यांनी त्या डब्यातून मुठी भरून नेल्या होत्या, तीच माणसं समोरच्या चकचकीत दवाखान्यात जाऊन महागाच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे यायला लागली. डॉक्टर एकेकाला घसा कोरडा पडेस्तोवर समजावायचे. मला ते बघून चीड यायची. कशाला जीव आटवता, असं मी कितीदा म्हटलं असेन.

जुम्म्याची नमाज झाली की ते स्कूटर काढून फुलंब्रीला जायचे. कौसाबाईचं बीपी बघायचे, पांढऱ्या गोळ्या स्वतः नेऊन द्यायचे आणि त्या दिवशीची गोळी आपल्यासमोर गिळायला लावायचे. केस पांढरे झाले, स्कूटर जाऊन एसटी आली, पण जाणं चुकलं नाही. परत आले की जिना चढायच्या आधीच मला सांगायचे, "ठीक आहे ती. समजलंय आता तिला." ते सांगताना त्यांचा चेहरा जरा मोकळा व्हायचा.

गेल्या थंडीत डॉक्टर गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी कौसाबाई नातीचा हात धरून दुकानात आली. जिन्याकडे बघत स्टुलावर बसली आणि पुष्कळ रडली. मीही रडले. मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "बाई, आता ती भारीची दे. हलकीची खाल्ली इतकी वर्सं, त्येंच्या जिवाला बरं वाटावं म्हनून."

म्हणजे इतक्या वर्षांत हिला पटलंच नव्हतं. ती त्यांना पटलंय असं दाखवत होती, आणि तेवढ्यावर तो माणूस समाधान मानून बसला होता. दोन्हीत औषध एकच आहे, हे मी पुन्हा सांगायला गेले. तिनं मान हलवली. ती मान मला ओळखीची होती.

मग मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, "डॉक्टरसाहेबांनी जाता जाता सांगून ठेवलंय, कौसाबाईला पांढरीच द्यायची. रोज."

"त्येंनी सांगितलं?" तिनं डाव्या हातानं स्ट्रिप घेतली, कपाळाला लावली आणि नातीला म्हणाली, "ठिव नीट. रोज आठवन करून दे मला."

ती दुकानातून निघून गेल्यावर वाटलं, जिना चढून जावं आणि डॉक्टरांना सांगावं, घेईल हो ती आता. वर मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम झालंय.