अब्बांचा ‘कायकू’

उभ्या संभाजीनगरात बिघडलेली वस्तू बघून ज्याचा चेहरा उजळतो असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझ्या मित्राचे अब्बा. बंद पडलेला पंप, किरकिरणारा पंखा, वाफ सोडणारा कुकर यांच्या बातम्या त्यांच्या छावणी भागात सगळ्यांत आधी त्यांना कळायच्या, आणि एखाद्या घरी बारशाला जावं तशा उत्साहाने ते तिथे हजर व्हायचे. मात्र वस्तू दुरुस्त करून घ्यायची घाई असेल त्याने त्यांना बोलावू नये. अब्बांना दुरुस्तीत फारसा रस नाही, त्यांना बिघडण्याचं कारण हवं असतं. चितेगावच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तयार झालेले भाग मोजण्यात गेली. माप चुकलेला भाग बाजूला टाकावा, एवढीच साहेबांची अपेक्षा. अब्बा तो भाग हातात घेऊन ज्या मशीनवर तो बनला तिथपर्यंत चालत जायचे आणि विचारायचे, ‘‘कायकू?’’ कामगार म्हणायचा, टूल झिजलं होतं. ‘‘कायकू झिजलं?’’ टूल थंड ठेवणारं पाणी कमी येत होतं. ‘‘पानी कायकू कमी?’’ असं करत करत ते एकदा थेट मॅनेजरच्या केबिनपर्यंत पोचले, कारण शेवटच्या ‘कायकू’चं उत्तर मॅनेजरसाहेबांनी काटकसर म्हणून न बदललेल्या एका रबरी नळीत होतं. अब्बांच्या निरोप समारंभात सगळ्यांत मनापासूनचं भाषण त्याच साहेबांनी केलं, असं सांगतात.

घरात याचा सगळा ताप अम्मींना. एकदा पंख्यातून टक्‌टक्‌ आवाज यायला लागला. शेजारच्या वायरमनने स्टुलावर चढून एक स्क्रू आवळला आणि आवाज बंद झाला. अब्बांनी तो स्क्रू पुन्हा ढिला करायला लावला. ‘‘आवाज बंद झाला, पन समजलं कुठं?’’ पुढचे अकरा दिवस घरातले सगळे अंगणात झोपले. डॉक्टरांकडेही तेच. बीपीची गोळी लिहून दिली तर म्हणाले, ‘‘डॉक्टरसाब, पंप तुमी म्हणता चांगलाय. मग प्रेशर कायकू वाढलं? पुढं लायनीत कुठं अडकलंय का?’’ तेव्हापासून डॉक्टर त्यांना सगळ्यांत शेवटी आत बोलवायचे आणि आकृती काढायला कोरा कागद समोर घेऊनच बसायचे. मी एकदा अम्मींना विचारलं, तुम्ही हे सगळं कसं सोसता? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘‘निकाहच्या टायमाला काझीसाबनी यांना विचारलं, कुबूल है? तर लगेच हौ म्हणले. जिंदगीत तेवढं एकच काम यांनी कायकू न विचारता केलं बघा.’’ अब्बा पलीकडून शांतपणे म्हणाले, ‘‘तिथं कारण दिसत होतं.’’ अम्मींनी सुपातले तांदूळ जरा जोरातच पाखडले.

माझा मित्र आखातात नोकरीला गेला तरी माझं त्या घरी जाणं चालूच राहिलं. त्यातच माझ्या मोटारसायकलचा क्लच घसरायला लागला. मोटारसायकल माझ्या वडिलांची. शंभर सीसीची, वीस वर्षांपूर्वीची, टाकीवरचा लाल रंग उडून विटकरी झालेला. मुकुंदवाडीहून चितेगावला मी तिच्यावरच कामाला जातो. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलायचं, पण गाडी बैलगाडीच्या चालीने सरकायची. उड्डाणपुलाच्या चढावर मागच्या रिक्षावाल्याने एकदा मला सांगितलं होतं, ‘‘काका, उतरून चाला, लवकर पोचाल.’’ दीड वर्षात दोन मेकॅनिकांनी क्लच प्लेटा बदलल्या होत्या. पहिल्याने नुसत्या प्लेटा, दुसऱ्याने स्प्रिंगांसकट. चार-पाच महिने बरे जायचे, मग पुन्हा तेच. बायको म्हणाली, ‘‘भंगारात द्या आता.’’ वडिलांची गाडी भंगारात द्यायला मन होईना, म्हणून एका रविवारी सकाळी मी ती कशीबशी छावणीत नेली. तिसऱ्यांदा तीच प्लेट जळाली, हे ऐकल्यावर अब्बांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी काही मोठी भेट आणली आहे असं क्षणभर मलाच वाटलं.

पहिला तासभर त्यांनी गाडीला हातच लावला नाही, फक्त मला विचारत राहिले. तेल कुठलं टाकतोस? कारचं तर नाय ना टाकलं कोणी? ते लई निसरडं असतं. चढावर घसरते का सपाटीला बी? वास येतो का? किती दिवसांपासून? मी म्हटलं, दीड वर्ष. ‘‘दीड वर्सापूर्वी काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही.’’ अब्बांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग क्लचच्या लिव्हरकडे वळले. लिव्हर दाबायच्या आधी तिला थोडी ढील असावी लागते. ती त्यांनी एक नाणं फटीत घालून तपासली. बरोबर होती. केबल बरोबर, तेल बरोबर. तेव्हा कुठे त्यांनी पाने काढले. उजव्या बाजूचं कव्हर उघडण्याआधी तेल उतरवायला भांडं हवं होतं, ते त्यांनी स्वयंपाकघरातून आणलं. अम्मींची कणीक मळायची परात होती ती. हे अम्मींना दुपारी कळलं. त्यावर त्या जे बोलल्या ते उर्दूत असल्यामुळे ऐकायला फार सुंदर वाटलं.

कव्हर काढल्यावर अब्बांनी एकेक प्लेट बाहेर घेतली आणि कालच्या पेपरवर ओळीने मांडली. क्लच म्हणजे काय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ‘‘दोन माणसं हातात हात घिऊन चालली,’’ अब्बा म्हणाले, ‘‘एक इंजिन, एक चाक. गिअर बदलायचा तेवढ्यापुरता हात सोडायचा, मग पुन्हा घट्ट धरायचा. हात अर्धामुर्धा धरला, की नुसतं घासणं. घासलं की जळणं.’’ लोखंडी प्लेटा त्यांनी अम्मींच्या आरशावर ठेवून सपाट आहेत का ते पाहिलं. त्या तापून निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या. दुसऱ्या प्लेटांवरचं अस्तर पार काळं झालं होतं, जळका वास अंगणभर पसरला. मखमलीच्या फडक्यातून व्हर्निअर काढून त्यांनी जाडी मोजली आणि मान हलवली. मी म्हटलं, ‘‘म्हणजे प्लेटा गेल्या. बदलू या.’’

‘‘प्लेटा जळाल्या हे तर आंधळा बी सांगंल, बेटा. दोन मिस्त्री तेच सांगून गेले. कायकू जळाल्या?’’

नव्या प्लेटा आणून तेलात भिजत घातल्या, मी बसने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी छावणीत गेलो तर गाडी जोडून, पुसून उभी होती, आणि शेजारी अब्बा डोक्यावर मित्राचं जुनं हेल्मेट घालून उभे. चावी त्यांच्या मुठीत. म्हणाले, ‘‘गाडीत सगळं बघून झालं. आता चालवणारा बघायचाय.’’ सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मागे बसवून कामावर कसं जायचं, हे मी त्यांना समजावत होतो, तेवढ्यात ते बसलेसुद्धा.

पैठण रोडवरचा तो प्रवास मी विसरणार नाही. अब्बांनी हनुवटी माझ्या डाव्या खांद्यावर टेकवली होती आणि त्यांचे डोळे माझ्या डाव्या हातावर. महानुभाव आश्रमाच्या चौकात सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची बाई आमच्याकडे बघून हसली. अब्बांनी तिला सलाम केला आणि पुन्हा हनुवटी जागेवर ठेवली. नक्षत्रवाडी गेली, कांचनवाडी गेली, हनुवटी हलली नाही. चितेगावला कंपनीच्या अलीकडे एका टपरीवर त्यांनी गाडी थांबवायला लावली, चहा सांगितला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसले.

‘‘गिअर बदलला तेव्हा हात क्लचवर गेला, ते ठीक. पण बदलायचा नव्हता तेव्हा बी दोन बोटं तिथंच. कुत्रं दिसलं, बोटं दाबली. सायकलवाला दिसला, दाबली. समोर रस्ता मोकळा, तरी अर्धी दाबलेली. पूर्ण रस्ता तू अर्धा हात सोडून आलायस. कायकू?’’

‘‘सवय आहे, अब्बा.’’

‘‘ह्याच गाडीवर तुझ्या वालिदांच्या मागं मी बसलेलोय. त्यांची नव्हती. तुझी बी पहिले नव्हती. सवय काय आसमानातून पडती?’’

मी चहाचा पेला खाली ठेवला. मग सांगितलं. दीड वर्षापूर्वी मुकुंदवाडी स्टेशनजवळ, सकाळी, माझी मुलगी सई मागे बसली होती. तिला शाळेत सोडायला निघालो होतो. टँकरमधून सांडलेल्या पाण्यावर समोर एक म्हैस आली, मी ब्रेक दाबला आणि आम्ही दोघे आडवे झालो. मला खरचटलं. सईचं कोपर मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हात नीट झाला, आता ती बॅडमिंटनही खेळते. पण त्या दिवसापासून मी तिला गाडीवर घेतलं नव्हतं. ती विचारायची, ‘‘बाबा, आज तुम्ही सोडता?’’ मी म्हणायचो, ‘‘गाडीचा क्लच बरा नाही गं.’’ ते खरंही होतं. प्लेटा बदलून गाडी बरी व्हायची तेव्हा मी काहीतरी दुसरं सांगायचो, आणि मग क्लच पुन्हा जायचा तेव्हा, कुणाला सांगू नये पण, मला सुटल्यासारखं वाटायचं. हळूहळू तिने विचारणं सोडलं. रिक्षाने जाते.

हे मी बायकोलाही एवढं सरळ सांगितलं नव्हतं. अब्बांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यांनी आपला चहा संपवला, माझा गार झालेला पेला परत करून दुसरा मागवला, आणि मग म्हणाले, ‘‘घाबरणं काय चुकीचं नाय. पण घाबरायला ब्रेक दिलाय ना बेटा. क्लच कायकू जाळतो?’’

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाल्याने अब्बांना विचारलं, ‘‘काय झालं हो यांना?’’ अब्बा म्हणाले, ‘‘बिघाड सापडला.’’

त्यानंतर आठवडाभर संध्याकाळी ते माझ्या मागे बसून फिरले. माझी बोटं विनाकारण लिव्हरवर गेली, की खांद्यावर एक टप्‌. पहिल्या दिवशी माझा खांदा तबल्यासारखा वाजला. चौथ्या-पाचव्या दिवशी मधली मधली अंतरं टप्‌शिवाय जायला लागली. शनिवारी स्टेशनपासून छावणीपर्यंत एकदाही नाही. मला वाटलं, झालं. पण अब्बा म्हणाले, ‘‘आर्धंच काम झालं,’’ आणि रविवारी रिक्षा करून आमच्या घरी मुकुंदवाडीला आले. येताना त्यांनी सईसाठी खाऊ आणला होता. तिने बॉक्स हातात घेतला न घेतला तोच अब्बांनी विचारलं, ‘‘बेटी, तू बाबाच्या गाडीवर कायकू नाय बसत?’’

मी सोफ्यावर आक्रसून गेलो. आता ती म्हणणार, मला भीती वाटते. सईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे.

‘‘मला काही नाही वाटत,’’ ती म्हणाली. ‘‘बाबांना भीती वाटते. म्हणून मी म्हणत नाही.’’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. दहा वर्षांची पोर दीड वर्ष मला सांभाळून घेत होती, आणि मी समजत होतो मी तिला सांभाळतोय. अब्बांनी एवढंच केलं, की भिंतीवरची गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. आणि सईला बाजूला घेऊन, बाबाची दोन बोटं उगाच क्लचवर गेली की खांद्यावर टप्‌ करायचं, हे शिकवलं.

आम्ही दौलताबादला गेलो. पुढे मी, मागे सई, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. आणि मागून रिक्षात अब्बा आणि माझी बायको. घाटाचा चढ लागला तेव्हा माझी दोन बोटं पुन्हा लिव्हरवर गेली. सईने एकदा टप्‌ केलं. मी बोटं उचलून मुठीवर घट्ट ठेवली, गिअर उतरवला, अॅक्सिलरेटर दिला, आणि वडिलांची ती जुनी गाडी कुरकुर न करता, एका दमात, आम्हा दोघांना घेऊन वर चढली. घाटातल्या रस्त्यावरच्या जुन्या दगडी दरवाजातून आरपार निघाल्यावर सई मागून ओरडली, ‘‘बाबा, पुन्हा!’’ रिक्षा बरीच मागे राहिली होती. ती वर आली तेव्हा अब्बा उतरले ते तडक रिक्षावाल्याशी बोलत. रिक्षा चढाला एवढी गरम का होते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या क्लचला आता दोन वर्षं होतील, तो अजून धरून आहे. अब्बा मात्र इथे नाहीत. दोघं म्हातारी एकटी राहतात म्हणून मागच्या हिवाळ्यात मित्र येऊन त्यांना आणि अम्मींना आखातात घेऊन गेला. एकविसाव्या मजल्यावर घर आहे, सगळं नवं, गुळगुळीत. परवा दुपारी मी फोन केला तर आवाज मलूल. तब्येत विचारली, म्हणाले चांगली आहे. मग सांगितलं, काल बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती. ‘‘मी म्हणलं, चला. जिना उतरून खाली गेलो, एकवीस मजले. तर युनिफॉर्मवाले दोन पोरं आली, एक डबा काढला, दुसरा लावला, पाच मिन्टात चालू करून गेले बी. काय झालं होतं, त्यांना बी म्हाईत नाय.’’ मागून अम्मी काहीतरी म्हणत होत्या.

मी घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघरात मिक्सर होता. तसा चालतो तो, जरा आवाज करतो इतकंच. मी म्हटलं, ‘‘अब्बा, एक विचारायचं होतं. आमचा मिक्सर चटणी करताना अधूनमधून घुमतो. ओलं वाटण असलं की नाही, कोरडं असलं की घुमतो.’’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘थांब बेटा,’’ अब्बा म्हणाले, ‘‘चष्मा लावू दे.’’