आवाजातला ‘च’

आर्थर टॅमवर्थी सरांशी मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, ‘सर, आय ॲम स्टँडिंग हिअर ओन्ली.’ मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी ते परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचा विनामूल्य वर्ग घेत. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी ‘व्हेअर इज मिलिंद?’ असं विचारलं. मी दारातच उभा होतो, म्हणून तसं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते मला पुढे चांगलंच कळलं.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही त्यांचे मराठी विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढत आहोत. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आनंदाने होकार दिला. दोन दिवसांनी त्यांचाच पुन्हा फोन आला, की सरांची एक अट आहे : मिलिंदने गादीच्या जाहिरातीबद्दल लिहावं. मी हबकलोच. जी गोष्ट मी बायकोलाही धड सांगितली नव्हती, ती गौरवग्रंथात छापायची? मी तडक सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, गौरवलेखात फक्त चांगलं लिहितात.” ते त्यांच्या तुटक मराठीत म्हणाले, “मग तेच लिही.” आता लिहिणं भाग आहे.

ते दिवस विद्यार्थ्यांच्या लाटेचे होते. विमानं भरभरून आमच्यासारखी पोरं मेलबर्नला उतरत होती. मी नागपूरहून अकाउंटिंग शिकायला आलो होतो. एका खोलीत चौघे राहायचो, सकाळी युनिव्हर्सिटी आणि दुपारी वेअरहाऊसची शिफ्ट. शिकून झाल्यावर इथे राहायला मिळणार की नाही, हे इंग्रजीच्या परीक्षेवर ठरायचं. बोलण्याच्या भागात मी एकदा अर्ध्या बँडने, म्हणजे अर्ध्या गुणाने, हुकलो होतो. आईला सांगितलं होतं, रिझल्ट यायचाय. ती बिचारी महिनाभर रिझल्टची वाट पाहत होती.

सर कोण आहेत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. एका रविवारी माझा रूममेट प्रशांत टीव्हीसमोरून ओरडला, “अबे, हे तर आपले सर! मेले ना बे!” पाहतो तर काय, सरांनी आधी कुणाला तरी जिन्यावरून ढकललं होतं आणि आता स्वतः विष पिऊन गालिच्यावर आडवे झाले होते. आम्ही थक्क होऊन बघत राहिलो. पुढच्या शनिवारी तोच मेलेला माणूस बिस्किटांचा डबा घेऊन वर्गात हजर होता.

मग हळूहळू बाकीचं कळलं. त्यांचा जन्म उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावातला. लंडनच्या नाट्यशाळेत शिकले, नाटकाच्या दौऱ्यावर ऑस्ट्रेलियात आले आणि डोरीन आंटींशी लग्न करून इथले झाले. पडद्यावर त्यांनी जन्मभर दुष्ट माणसं रंगवली. पण जिथे ते दिसत नसत, तिथे त्यांचा आवाज मधाळ होता. वॉम्बॅट म्हणजे इथला बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. मुलांच्या एका कार्टून मालिकेतला वॉम्बॅट म्हणजे आमचे सर. रस्त्यात ते नुसते बोलले तरी पोरं आयांचे हात सोडून त्यांच्याकडे धावत. प्रशांतचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा सर सकाळपासून दवाखान्यात बसून होते आणि डॉक्टरांचं बोलणं त्याला सोपं करून सांगत होते, तेही वॉम्बॅटच्या आवाजात. हसून टाके दुखतात म्हणून प्रशांतने हात जोडून ते थांबवायला लावलं. आम्ही त्यांना आर्थर सर म्हणायचो. ‘जस्ट आर्थर, मेट,’ असं ते दर वेळी म्हणायचे. ते आम्हाला अजूनही जमलेलं नाही.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. प्रत्येकाचं बोलणं ते छोट्या रेकॉर्डरवर टिपत, घरी नेऊन ऐकत आणि पुढच्या वेळी चुकांची चिठ्ठी हातात देत. माझ्या चिठ्ठीत ‘ओन्ली’ दर आठवड्याला असायचं.

वेअरहाऊसमध्ये रेडिओ दिवसभर चालू असे. एका दुपारी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लागली. एक भारतीय माणूस दुकानातल्या गादीवर आडवा होतो आणि उठायलाच तयार नसतो. बायको बोलावते, मालक विनवतो, त्याचं उत्तर एकच : ‘आय ॲम स्लीपिंग हिअर ओन्ली!’ अख्खं वेअरहाऊस हसलं. मीसुद्धा हसलो. कुणीतरी म्हणालं, “ओय मिलिंद, व्हेअर आर यू, मेट?” आणि दहाबारा जणांनी एका सुरात उत्तर दिलं. तासाभराने तीच जाहिरात पुन्हा लागली, तेव्हा मी नीट ऐकली. ‘ओन्ली’च्या आधी तो माणूस एक छोटा श्वास घेत होता. तो श्वास माझा होता. सरांच्या रेकॉर्डरवर मी स्वतः तो कितीदा ऐकला होता. आणि त्याच्याखालून सरांचा ओळखीचा आवाज येत होता.

माझ्या हातातलं खोकं हातातच राहिलं. मला इतका धक्का त्याआधी एकदाच बसला होता, वडील गेल्याचा फोन आला तेव्हा.

त्यानंतर मी तोंड उघडणं बंद केलं. ‘येस’ आणि ‘नो’ एवढ्यावर शिफ्ट काढायची. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि इंग्रजीचा एक शब्द काढायचा म्हटला की गादीवरचा तो माणूस ऐकू यायचा. प्रशांत म्हणाला, “जाऊ दे ना बे, ॲड आहे. उलट फेमस होऊन राहिला तू.” मी म्हटलं, “फेमस ते झाले. माझं हसं झालं.”

शनिवारी वर्ग सुटल्यावर मी मागे थांबलो. इंग्रजीत काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, पण संताप मराठीतच बाहेर पडला. “सर, तुम्ही माझा आवाज चोरलात.” त्यांना तेव्हा मराठीचा एक शब्दही येत नव्हता, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “द मॅट्रेस.”

मला वाटलं होतं, ते कानावर हात ठेवतील, नाहीतर ‘आमचा धंदाच तो’ म्हणतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते इंग्रजीतच म्हणाले, “लंडनमध्ये मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता, मिलिंद. उच्चार सुधारायला वर्षभर दातांत बूच धरून मी माझी बोली खरवडून काढली. मग घरी फोन केला तर आईने विचारलं, कोण बोलतंय? मला हे सगळं माहीत होतं. तरी मी तुझ्याशी असं वागलो. तुझी नक्कल करणं म्हणजे प्रेम, असं मी समजत होतो.” मी भांडायला गेलो होतो, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

मग त्यांनी विचारलं, “तुझं ते ‘ओन्ली’ करतं तरी काय?” मी त्यांना ‘च’ समजावला. इथे आणि इथेच. मी आणि मीच. नुसतं ‘इथे’ म्हटलं की माणूस कुठे आहे ते कळतं, ‘इथेच’ म्हटलं की तो हलणार नाही हे कळतं. ते पंचवीसएक वेळा ‘इथे, इथेच’ म्हणत राहिले. आणि एकदम थांबून म्हणाले, “च आमच्याकडेही आहे. फक्त आम्ही तो लिहीत नाही, आवाजात ठेवतो.” त्यांनी ‘आय ॲम हिअर’ म्हटलं. साधंच वाक्य, पण ‘हिअर’वर असा भार दिला की मला त्यात ‘इथेच’ स्पष्ट ऐकू आलं. तीन आठवडे आम्ही रोज तेवढाच सराव केला. परीक्षेत मी बोललो, एकदा ‘ओन्ली’ निसटलंही, आणि तरी पास झालो. पहिला फोन मी सरांना केला, आईला नंतर. हे तिला अजून माहीत नाही.

पण म्हणून मी त्यांना माफ केलं होतं, असं नाही. खोटं कशाला लिहू? जाहिरात पुढे कितीतरी महिने वाजत राहिली, आणि वाजली की मनात सल उठायचा. सर माझ्याकडून मराठी शिकत होते, माझ्या लग्नात येऊन जिलेबी खाऊन गेले, तरी तो सल मी जपून ठेवला.

पुढे आम्ही वेरिबीतच घर घेतलं. वास्तूच्या जेवणाला सर आणि आंटी आले. माझी लेक ओवी तेव्हा चार वर्षांची होती आणि रोज तो वॉम्बॅट बघायची. मी थट्टेने म्हटलं, “सर, तुमच्या वॉम्बॅटला अलीकडे सर्दी झालीय का? आवाज बसल्यासारखा वाटतो.” ते हसून म्हणाले, “ओल्ड एज, मेट.”

स्वयंपाकघरात डोरीन आंटी हातात ताटली घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “तुझ्या त्या गादीनंतर त्यांनी वॉम्बॅट केलेला नाही, तो आवाज आता दुसराच कुणी देतो. तुला सांगितलं नाही त्यांनी?”

आंटींनी सांगितलं, त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सर स्टुडिओत गेले होते. जाहिरात मागे घ्या, नाहीतर पुन्हा करू, म्हणाले. स्टुडिओवाल्यांनी ऐकलं नाही. ‘मग माझा आवाज तुमच्या कशालाच मिळणार नाही,’ असं सांगून सर उठले. वॉम्बॅटची मालिका त्याच लोकांची होती. दुष्ट माणसं त्यांना दुसरीकडे मिळाली असती, मिळालीही. पोरं धावत यायची ती या एका आवाजासाठी. मी सल कुरवाळत होतो त्या सगळ्या वर्षांत हा माणूस ते सोडून बसला होता, आणि मी आत्ता त्यांना सर्दीबद्दल विचारलं होतं. हातात वरणाचा डाव होता. तो कुठे ठेवावा हेही मला सुचेना.

बाहेर आलो तर सर जमिनीवर ओवीजवळ बसले होते आणि तिला तो आवाज काढून दाखवत होते. खरा, मूळचा. ओवीने नीट ऐकलं आणि मान हलवली. “नो. दॅट्स नॉट हिम.”

“नो वरीज,” सर म्हणाले. “यू आर क्वाइट राइट.”

तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे. सर, तुमची अट मी पाळली. हा लेख तुम्हाला मीच वाचून दाखवणार आहे, ओवीला शेजारी बसवून, आणि मग तिला सांगणार आहे की तो वॉम्बॅट हेच. तुमची तब्येत ठणठणीत राहो, आवाज असाच राहो, शंभरीच्या दिवशी तुम्ही चष्म्यावरून बघत हजेरी घ्यावी. मी दारात उभा असेन. त्या दिवशी मात्र मी विचारणार, व्हेअर इज आर्थर? आणि उत्तर मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, माझ्या श्वासासकट : हिअर ओन्ली.