बिराजदार बाईंचं खुरपं

बिराजदार बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, खुरपं असायचं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मूठ तेवढी बाहेर डोकावणारी. एसटीत कंडक्टरने सुटे मागितले की आधी खुरपं निघायचं, मग पैसे, आणि कंडक्टर जरा घाईनेच पुढच्या सीटकडे सरकायचा. बाई लातूरला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आवाज मात्र अडतीवर भाव पुकारणाऱ्याचा. मी धर्माबादहून येऊन रसायनशास्त्राला नवा नवा लागलो होतो, आणि योगायोगाने आम्ही एकाच गल्लीत राहत होतो.

पहिली भेट झाली ती प्रयोगशाळेमागच्या गळक्या नळाशी. बाई तिथे उकिडव्या बसल्या होत्या. मला वाटलं, कानातलं वगैरे पडलं असेल.

"काही सापडत नाही का, मॅडम?"

"सापडलं म्हणून तर बसले. या केमिस्ट्री सर, पाकळ्या मोजा."

नखाएवढं पांढरं फूल होतं. मी चष्मा पुसून दहा मोजल्या.

"पाच हायत. एकेक मधून फाटलीय. डोळे हायत का गोट्या?" मग त्यांनी खोड उन्हाकडे धरलं. त्याच्या एकाच बाजूने केसांची नाजूक रेघ चढत होती आणि प्रत्येक पेरापाशी बाजू बदलत होती. झाडाचं नाव स्टेलारिया. मराठीत काय म्हणतात, असं मी विचारलं.

"मराठीत तण म्हणतात. हिला नाव द्यायला कुणाला सवड झाली न्हाई. तिचं काय अडतंय? ती येते. पण एक ध्यानात ठेवा सर, हिला कायम ओल लागते. थंडीत ही हिरवीगार दिसली की तिथं पाणी हाय. मग कुणी काही का सांगंना."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो. आम्हा रसायनवाल्यांना बाटलीबाहेरच्या जगाची फारशी पडलेली नसते.

तेव्हा जिल्हा नवा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून तिथे लातूर रंगवलेलं, रंग अजून चकाकणारा. साहेब लोकांच्या जीपा धुरळा उडवत फिरायच्या, घरभाडी वाढली होती, आणि आम्ही सगळे उगाचच छाती काढून चालायचो. अशातच पाऊस दडी मारून बसला. गल्लीतला नळ आधी दिवसाआड आला, मग आठवड्याने, मग नुसता फुसफुसायला लागला. टँकर आला की भांडणं. समोरच्या रजियाआपा शिवणकाम करायच्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, आणि आपा मशीन बंद ठेवून दिवस दिवस डाळमिलच्या विहिरीवर घागर घेऊन उभ्या असायच्या. नगरपालिकेत तक्रार केली की उत्तर ठरलेलं: तुमची गल्ली उंचावर आहे, पाणी चढत नाही.

त्या जानेवारीत बाईंनी मला कॉलेजच्या वाटेवर हाताला धरून थांबवलं. गल्लीच्या वरच्या टोकाला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं नवं गेस्ट हाऊस उभं राहत होतं. अध्यक्षांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. नव्या जिल्ह्यात येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी ते बांधलेलं, उद्घाटन व्हायचं होतं. त्याच्या मागच्या भिंतीच्या पायथ्याशी सगळीकडे भेगाळलेली जमीन, आणि मधोमध हातभर हिरवी गादी. तिच्यावर ती बारकी पांढरी फुलं.

"आपल्या गल्लीला पाणी चढत न्हाई म्हणे. मग आपल्याहून वर हे कसं चढलं?"

"भाऊंची भिंत आहे, बाई. जाऊ द्या."

"तणाला कुठं ठाऊक हाय भाऊ कोण ते."

तरी बाईंनी आधी सरळ मार्ग धरला. स्टाफ मीटिंगला भाऊ आले होते, तिथेच उठून विचारलं. भाऊ खळखळून हसले. "बिराजदार बाई, गवत बघून पाण्याचा हिशेब? अहो, सांडपाणी असंल." बाई म्हणाल्या, "तिथं अजून माणूस राहायला आलं न्हाई. सांडलं कुणी?" सगळ्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं. मीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल जाहीर केलं, वर्गाबाहेर. विषय: वनस्पतीचा नमुना मुळासकट गोळा करणे. सगळा वर्ग गेस्ट हाऊसच्या भिंतीमागे नेला, वाटेत रजियाआपांना हाक मारली, "आपा, घागर घेऊन या." माझा तास मोकळा होता, पाय आपोआप तिकडे वळले.

स्टेलारियाचं मूळ बोटभर असतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण त्या दिवशी बाई पदर खोचून खणत होत्या, आणि दमल्या की खुरपं पुढच्या पोरीच्या हातात देत होत्या. "मूळ तुटलं तर मार्क न्हाईत!" पोरं चिखलात कोपरापर्यंत रंगली. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा खण्ण आवाज झाला. नवाकोरा पाइप होता, गल्लीच्या मुख्य नळाला जोडून थेट भिंतीखालून आत, भाऊंच्या हिरवळीकडे गेलेला. सांधा ठिबकत होता. बाईंनी खुरप्याच्या टोकाने तो थोडा सैल केला आणि आपांनी घागर खाली लावली.

पाहता पाहता बायकांची रांग लागली. भाऊ जीपमधून उतरले तेव्हा ती पार वळणापर्यंत गेली होती.

"काय चालवलंय बाई हे तुम्ही?"

"प्रॅक्टिकल, साहेब."

"एवढुशा रोपट्यासाठी एवढा खड्डा?"

"रोपटं एवढुसं हाय, पण या दुष्काळात त्याला पाणी कुठून मिळालं, ते पोरांना शिकवायचंय. परीक्षेला येतं."

कुणीतरी पोर फिसकन हसलं आणि मग रांगच्या रांग हसली. भाऊ तसेच जीपमध्ये जाऊन बसले. एवढ्या घागरींसमोर काय करणार? संध्याकाळच्या आत तो जोड तोडला गेला. सकाळी आमच्या नळाला करंगळीएवढी धार आली. रजियाआपांनी पहिल्या घागरीतलं तांब्याभर पाणी बाईंच्या दारात आणून ठेवलं आणि दोघी उंबऱ्यावर बसून रडल्या. बाईंना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

किंमत मोजावी लागलीच. स्टाफसमोर माफी मागा, नाहीतर रेणापूरला संस्थेच्या शाळेत जा, असा निरोप आला. मी समजवायला गेलो. दोन शब्द बोलून टाका, नोकरी कॉलेजातली आहे, वगैरे.

"माफी कशाची मागू सर? मुळासकट उपटलं त्याची? आन् रेणापूरला तण न्हाई व्हय?"

त्या गेल्या. रोज पहिल्या एसटीने जायच्या, आठवीच्या पोरांना पानांच्या शिरा शिकवायच्या. कॉलेजात त्यांच्या जागी आलेल्या सरांच्या खिशात कंगवा होता. मला त्याचा फार राग यायचा.

बाई वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच गेस्ट हाऊसवर. भाऊंच्या मागे त्यांचे चिरंजीव अध्यक्ष झाले होते आणि संस्थेने निवृत्त शिक्षकांचा सत्कार ठेवला होता, ऐन जानेवारीत. मांडव भरलेला. पुकारा झाला, "श्रीमती महानंदा बिराजदार." बाई पहिल्या रांगेतून उठल्या. पण स्टेजकडे न जाता, पाय ओढत, कनातीच्या फटीतून बाहेर गेल्या. अध्यक्ष हातात शाल धरून उभे. निवेदकाने नाव पुन्हा पुकारलं. लोक माना वळवून बघायला लागले. मला ठाऊक होतं त्या कुठे गेल्या ते, आणि टाळी वाजवावी की ओरडावं, कळेना.

बऱ्याच वेळाने बाई परत आल्या. चपलांना मागच्या भिंतीची धूळ. पायऱ्या चढून त्यांनी माइक हातात घेतला.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. "घाला आता शाल."