काकूंच्या खोलीपर्यंत पोचलेला फोन

मी आज जो काही आहे तो सर्वांत जास्त सांगलीच्या काकूंमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात त्यांची थोडी जमीन होती आणि ती माझे वडील वाट्याने करत. मी बारावी सायन्सला बरे मार्क मिळवले त्या वर्षी वडील हळदीची पोती पोचवायला सांगलीला गेले आणि बोलता बोलता म्हणाले, "पोरगं शिकतो म्हणतंय, पण ऱ्हायचं कुठं?" काकू आतून म्हणाल्या, "आमची माडी रिकामीच हाय की." तेवढ्या एका वाक्यावर मी तीन वर्षं तिथे राहिलो, जेवलो आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.

काकूंची अट एकच होती. घर जैनांचं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवायला हजर राहायचं. हिवाळ्यात प्रॅक्टिकल संपलं की मी सायकलवर टांग टाकून असा सुटायचो की मित्र म्हणायचे, ह्याला घरी कोणीतरी मारतंय. काकू ताट वाढून दाराशी उभ्या असायच्या. "पोचलास रं बाबा. आणि पाच मिनिटं लावली असतीस तर उपाशी निजला असतास," असं म्हणून भाकरीवर तूप जरा जास्तच घालायच्या.

माझ्या शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, काकू न्हाणीत घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. मिरजेला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी दोन महिने पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं. काकूंना पायाचं दुःख फार नव्हतं. त्यांना काळजी होती मुलीची. मी तिला ताई म्हणायचो. ताई लोणंदला दिलेली होती, तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. आता लोणंदहून निरोप आला, "विहीणबाईच पलंगावर आहेत, तर इथंच करू आम्ही." काकूंचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "बरं, तसं करू." ताईला काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं.

विचारायचं तर फोन होता, पण तो होता पुढे अण्णांच्या हळदीच्या पेढीत. घर लांबट होतं. पुढे पेढी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यांत मागे काकूंची खोली. फोन आला की अण्णा पेढीत रिसीव्हर कानाला लावून बसत, काकू मागून ओरडून विचारत, आणि दोघांच्या मध्ये चार गिऱ्हाइकं हळदीची कांडी मोडून बघत ऐकत बसलेली.

"काय म्हणती?"

"बरी हाय म्हणती."

"तिला हिकडं यायचंय का विचारा."

"यायचंय का गं? ...न्हाई म्हणती. तिथंच बरं हाय म्हणती."

"कशी म्हणाली?"

"कशी म्हणजे? तोंडानं म्हणाली."

फोन ठेवल्यावर काकू मला म्हणाल्या, "बापाला आन् चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं पोरगी काय बोलणार? मला एकदा तिच्याशी एकटीनं बोलायचंय रं."

अण्णांच्या मुंबईच्या भावाने तेवढ्यात एक कॉर्डलेस फोन पाठवला. वायरीशिवायचा फोन घरात कुठेही नेऊन बोलता येतो म्हणून सगळे खूश झाले. अण्णांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याचा बेस, म्हणजे जो वायरीला जोडलेला राहतो तो भाग, पेढीत लोखंडी तिजोरीच्या अंगाला लागून ठेवला. धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. हँडसेट पेढीत उत्तम चालायचा. माजघरात खरखर सुरू व्हायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तो मुकाच व्हायचा. काकूंची खोली तर त्याच्याही पलीकडे. अण्णा म्हणाले, "खेळणं पाठवलंय भावानं."

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू फिजिक्स शिकतोस न्हवं? मग ह्याचं काय ते बघ की."

मला आतून भीतीच वाटली. तोपर्यंत मी लहरींची समीकरणं वहीत सोडवली होती. कोणाच्या घरात त्यांचा उपयोग करायची वेळ आली नव्हती. पण काकूंना नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं.

रविवारी पेढी बंद होती. मी हँडसेट कानाला लावला, डायल टोन ऐकत एकेक पाऊल मागे सरकत गेलो, आणि जिथे खरखर सुरू होईल तिथे फरशीवर खडूने रेघ मारली. मग रुमाल काढला. तेव्हा दिसलं की बेसची एरियल आत दाबूनच ठेवलेली होती. अण्णा म्हणाले, "मोडंल म्हणून मीच दाबलीया." ती पूर्ण ओढली, बेस तिजोरीपासून लांब टेबलावर ठेवला, पुन्हा चाललो, पुन्हा रेघ मारली. रेघ माजघर ओलांडून स्वयंपाकघरात आली. एवढ्यात शेजारच्या आजी ताक मागायला आल्या. त्यांनी घरभर खडूच्या रेघा पाहिल्या आणि तडक काकूंच्या खोलीत गेल्या.

"आवं, वाटण्या कवा ठरल्या? शेजाऱ्याला सांगायचं तरी."

काकूंना हसू आवरेना. "व्हय, कालच ठरल्या. माझ्या वाट्याला ही खोली आन् मोडका पाय आलाय."

स्वयंपाकघरातली रेघ मात्र काही केल्या पुढे सरकेना. ती बरोबर मांडणीसमोर थांबली होती. काकूंच्या खोलीच्या भिंतीला लागून जमिनीपासून वरपर्यंत मांडणी होती आणि तिच्यावर स्टीलची ताटं, डबे, घागरी अशा लावलेल्या की भिंतीचा बोटभरही भाग दिसू नये. सगळी भांडी लग्नातली, ओटीतली, हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेली. तिजोरीशी जे झालं होतं तेच इथे. पेढीतून येणाऱ्या लहरींपुढे पत्र्याची भिंतच उभी होती. हे मी काकूंना भीत भीत सांगितलं.

"मग काढ भांडी," काकू म्हणाल्या.

"सगळी?"

"पोरीपेक्षा ताटं जास्त झाली व्हय मला?"

खालची भांडी काढून झाल्यावर वरच्या भांड्यांसाठी मी स्टुलावर चढलो आणि वर बघितलं तर लाकडी छताची तक्तपोशी दिसली. तिच्यावर माझी माडी, पार काकूंच्या खोलीवरपर्यंत गेलेली. टेलिफोनचा खांब मागच्या बोळात होता आणि त्याची तार माझ्या खिडकीतूनच घरात येऊन पुढे पेढीत जात होती. रोज त्या तारेवर मी टॉवेल वाळत घालत होतो. बेस पेढीतच कशाला हवा? माडीत, काकूंच्या पलंगाच्या बरोबर वर ठेवला तर मध्ये फक्त लाकूड उरतं. मी खाली उतरून भांडी जशीच्या तशी परत लावली. तासाभरात तारेला जोड काढला, बेस माझ्या टेबलावर बसवला आणि जुना डायलचा फोन अण्णांसाठी पेढीत ठेवला. काकूंनी पलंगावर पडल्या पडल्या हँडसेट कानाला लावला आणि म्हणाल्या, "गुणगुणतंय. एकदम साफ."

एक अडचण उरली होती. दोन्ही फोन एकाच तारेवर असल्यामुळे पेढीत रिसीव्हर उचलला की काकूंचं बोलणं ऐकू जाणार. मी ते सांगितलं तसे अण्णा म्हणाले, "मग बरंच झालं की. मलाबी कळंल काय म्हणती ते."

"बरं न्हाई झालं," काकू म्हणाल्या. "मी बोलंस्तवर तुमी उचलायचा न्हाई."

"आन् हळदीचा दर विचारायला कुणी केला तर?"

"त्यो उद्या करंल. पोरीचे दिवस उद्यावर न्हाई जात."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, ताईच्या सासूबाई प्रवचनाला गेलेल्या असताना, काकूंनी फोन लावला. मला त्यांनी पेढीत अण्णांवर लक्ष ठेवायला बसवलं होतं. आत काकूंनी नंबर लावला तशी, तार एकच असल्यामुळे, पेढीतल्या फोनची घंटीही बारीक किणकिणली. अण्णांचा हात सवयीने रिसीव्हरवर गेला. मी खाकरलो. हात मागे आला. पाच मिनिटांनी पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. शेवटी अण्णा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"झालं का बघ रं."

"उचलल्याशिवाय कळत न्हाई अण्णा."

"मग काय शिकलास कॉलेजात?"

मला आठवलं, बेसवर लाल दिवा आहे. मी माडीवर पळालो. दिवा जळत होता. खाली येऊन सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा गेलो, जळतच होता. तिसऱ्यांदा अर्ध्या जिन्यात असताना काकूंची हाक आली, "आवं, आत या."

अण्णा आत गेले. काकूंचे डोळे ओले होते, पण आवाज खणखणीत होता. "आधी नुसती रडली. मग म्हणाली, आई, मला तिकडंच यायचंय, पण तुला तरास व्हायला नको म्हणून बोलले न्हाई."

"मला तर बरी हाय म्हणाली," अण्णा म्हणाले.

"तुमाला तेच सांगणार. जीप सांगा आता. आन् लोणंदच्यांशी तुमी बोला, गोड बोला."

"पण तिचं बघणार कोण? तू तर अशी."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईला तीन महिने यायला जमंल का रं?" आमच्या गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला आईलाच बोलवायचे, हे त्यांना ठाऊक होतं. मी शनिवारी गावी गेलो आणि आईला विचारलं. ती म्हणाली, "काकूंनी बोलावलंय आन् तू इचारत बसलायस? पिशवी काढ."

आठवड्याभरात ताई सांगलीला आली. माझी परीक्षा झाली आणि निकालाआधीच मला साताऱ्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात हंगामी काम मिळालं. ताईला मुलगी झाल्याचं मला तिथे कळलं. त्यानंतर मी काकूंना हे पत्र पाठवलं.

सातारा

तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. ताई आणि बाळ दोघी सुखरूप आहेत हे वाचून फार आनंद झाला. बारशाला येता आलं नाही. कामावर लागून नऊच दिवस झाले होते आणि साहेबांना रजा मागायला धीर होईना.

आईला आता घरी पाठवू का, असं आपण विचारलं आहे. सव्वा महिना पुरा होईपर्यंत तिला ठेवून घ्यावं. गावाकडची काळजी करू नये. वडील भाकरी करायला शिकले आहेत. पहिल्या दोन दिवसांच्या म्हशीने खाल्ल्या, आता स्वतः खातात.

आईने ताईकडून मला चार ओळी लिहवून पाठवल्या. त्यात आई म्हणते की जेवताना ती संकोचून वेगळी बसायला लागली तर काकू काठी टेकत उठतात आणि तिचं ताट स्वतःच्या ताटाशेजारी आणून ठेवतात. काकू, माझ्या आईला आजवर कोणाच्या घरी असं जेवायला बसवलेलं मी पाहिलं नाही. तीन वर्षं आपलं अन्न खाल्लं, पण तोंडाने आभार मानायचं धाडस झालं नाही. आपण रागावला असता. पत्रात रागावता येत नाही, म्हणून इथे लिहितो. आपण मला शिकवलंत, आणि शिकलेलं कोणासाठी वापरायचं तेही दाखवलंत.

आईला सांगावं की बाळाला न्हाऊ घालताना घाई करू नकोस, घरी सगळं नीट चाललं आहे.