फॅनखालच्या खुर्चीचा चार्ज

प्लांटात बनलेलं लोखंड वॅगनीत भरून निघून जाते. किस्से मात्र कोनी नेत नाही. ते शेडमधेच पडून राह्यतात, एकावर एक. मी भिलाईत फिटर लागलो तेव्हा मले वाटलं होतं, भट्ट्या सांभाळा लागतील. सांभाळा लागली एक खुर्ची!

आमच्या रिपेअर गँगच्या शेडमधे पंखा एकच होता, अन् पंख्याखाली खुर्ची एकच. हातवाली. बाकी सारे पाइपांवर नाहीतर हत्यारांच्या पेटीवर बसत. बाजूले कोक ओव्हन, म्हंजे कोळसा भाजाच्या भट्ट्या, वरती टिनाचं छप्पर. मे महिन्यात त्या खुर्चीत बसलेला मानूस आमाले राजा वाटे.

गँगमधे सीनियर दोघं. भंडाऱ्याकडचे रामटेके काका अन् गोंदियाकडचे बिसेन भाऊ. प्लांटचे पाये खोदून राह्यले होते तेव्हा दोघं एकाच गाडीतून उतरले अन् एकाच तंबूत राह्यले. डबा उघडला की काकाची जवसाची चटनी भाऊच्या झाकनात, भाऊची आंबाडीची भाजी काकाच्या झाकनात. खुर्ची बी वाटून. एक हप्ता याचा, एक हप्ता त्याचा.

असं सारं सुरळीत चालून राह्यलं होतं. मंग विधानसभेचं इलेक्शन आलं. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं, सरकार भोपाळले बसे.

*

पक्षांची नावं मी सांगत नाही. दोन्ही कधीबी परत सत्तेत येऊ शकतात, अन् मले नोकरी कराची आहे. निशानीवरून बोलू. काका घागरवाले, भाऊ सूपवाले. दिवसभर भांडत. शेवटी मीच म्हनलं, "भांडता कावून? भोपाळले ज्याचं सरकार, खुर्ची त्याची! पाच वर्सं कटकट नाही."

दोघांनी हातावर हात मारला.

मोजनी दुर्गले होती. निकाल आनाले मले सायकलीनं पाठवलं. परत आलो तर दोघं गेटवर उभे.

"कोन आलं बे?"

"पहिले पानी पाजा."

भाऊनं पानी आनलं.

"आता सांग!"

"उन्हातून आलो ना काका. चहा..."

काकानं चहा आनला. वरून भजे बी आनले. मी सावकाश खाल्ले. हात पुसले.

"बोल ना बाप्पा आता!"

"मोजनी उद्या आहे."

*

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आमचा आमदार घागरवर निवडून आला, अन् काही दिवसांनी भोपाळले सरकार बी घागरचंच बसलं. जेमतेम बसलं, पन बसलं. काका खुर्चीकडे निघाले. भाऊनं रस्ता अडवला.

"असं नाही. इथे साधा पाना बी सही केल्याशिवाय कोनी कोनाले देत नाही. लॉगबुकात लिहा!"

आमच्या इथे शिफ्ट बदलली की जानारा मानूस लॉगबुकात 'दिले' लिहून सही करते, येनारा 'घेतले' लिहून. मशीन कोन्या हालतीत आहे, ते बी लिहा लागते. त्या हप्त्यात खुर्ची भाऊकडे होती. भाऊनं लिहिलं, "फॅनखालची खुर्ची दिली. चालू हालत." काकानं लिहिलं, "घेतली." मी साक्षीदार म्हनून सही केली. कोनी मागितली नव्हती.

*

आमचा वेल्डर साहू रोज कुम्हारीहून बसनं येई अन् बसमधल्या साऱ्या बातम्या घेऊन येई. एक दिवस दारातूनच ओरडला, "सरकार गिर गे भइया! हमर विधायक सूप मा चल दिस!"

घागरचे काही आमदार पलटले होते. आमचा त्यात सगळ्यात पुढे.

काका तेव्हा चहा पिऊन राह्यले होते. अर्धा कप तसाच ठेवून उठले. लॉगबुकात लिहिलं, "खुर्ची दिली. चालू हालत. मन नाही."

भाऊ बसले अन् लिहिलं, "घेतली. गरम आहे."

*

पुढच्या महिन्यात आमदार परत घागरमधे आला. सरकार परत घागरचं, खुर्ची परत काकाची. लॉगबुकात परत दोन सह्या.

मंग एक दिवस मले चैन पडेना. साहूची दुपारची शिफ्ट होती, म्हंजे बातमी दोन वाजेपर्यंत येत नव्हती. सकाळी दहाले मी साळसूद तोंडानं म्हनलं, "काका, उठा. सरकार पडलं."

काका उठले. सही. भाऊ बसले. सही.

बाराले मले भाऊची कीव आली, कारन तो बसल्या बसल्या मिशी पिळून राह्यला होता. म्हनलं, "भाऊ, मी मजाक केली."

भाऊ उठले. सही. काका बसले. सही. दोघांनी मिळून मले शिव्या दिल्या.

दोन वाजता साहू आला. "सुने हव भइया? बिहनिया दस बजे सरकार गिर गे!"

सकाळी दहा वाजता!

मी मजाक केली होती. भोपाळवाल्यांनी सीरियसली घेतली.

*

हे मात्र जड गेलं. काका तिसऱ्यांदा उठले तेव्हा म्हने, "एका दिवसात दोनदा उठवला मले! लाज नाही वाटत, बिसेन?"

"सरकार मी पाडलं का?"

"पाडलं नाही, पन बसला तं तूच ना!"

त्या दिवसापासून बोलनं बंद. जे काही असे ते लॉगबुकात. काका लिहीत, "माह्याकडे होती तेव्हा उजवा पाय टाइट होता." भाऊ खाली लिहीत, "पाय ठीक आहे. ढिला आमदार आहे." डबे बी वेगळे झाले. खुर्चीचा नियम माह्या होता. डब्याचं मी काही ठरवलं नव्हतं.

एकदा भाऊनं सवयीनं आंबाडीचा घास उचलला, काकाकडे हात नेला अन् मधेच थांबला. मंग माह्या झाकनात टाकला. मी खाल्ला. मले आंबाडी आवडत नाही.

*

आमचा प्लांट रशियाच्या मदतीनं बांधला होता. तेवढ्यात तिकडचा एक्स्पर्ट तपासनीले आला. सोबत दुभाष्या. त्यानं लॉगबुक वाचून दाखवलं अन् एक्स्पर्टच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या.

दुभाष्या म्हने, "साहब पूछ रहे हैं, ये कौन-सा यूनिट है? बार-बार चार्ज बदल रहा है। कभी गरम लिखा है, कभी पैर ढीला।"

आमच्या फोरमननं माह्याकडे पाह्यलं. मी म्हनलं, "साहब, बहुत जरूरी यूनिट है। सारा झगड़ा इसी का है।"

एक्स्पर्टनं मान हलवली अन् कागदावर काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी चार जन ट्रॉली घेऊन आले अन् खुर्ची घेऊन गेले. कॅपिटल रिपेअरले! म्हंजे भट्टी जशी पूर्न खोलून नव्यानं बांधतात, तशी.

पंधरा-वीस दिवस पंखा जमिनीले हवा देऊन राह्यला होता. काका एका पाइपावर, भाऊ दुसऱ्या पाइपावर. पाठीले पाठ.

*

खुर्ची परत आली ती क्रेनवर.

आता ती खुर्ची नव्हती. रुळाच्या लोखंडाचा बाक होता. तिघं आरामात बसतील एवढा लांब. चारही पाय काँक्रीटमधे गाडले, वरून बोल्ट मारले. पत्र्याची चिठ्ठी लटकवली होती, "टेस्ट ओके. हलनार नाही."

काका येऊन एका टोकाले बसले. भाऊ दुसऱ्या टोकाले. दोघांनी समोर पाह्यलं. मधली जागा रिकामी.

त्याच दिवशी आमचा आमदार प्लांट पाहाले आला. तेव्हा तो कोन्या पक्षात होता, हे विचाराची हिंमत कोनाची झाली नाही. घामानं चिंब. शेडमधे शिरला, पंखा दिसला, मधली जागा दिसली. बसला.

थोडा काकाकडे सरकला. काका हलले नाहीत. थोडा भाऊकडे सरकला. भाऊ बी हलले नाहीत. तेवढ्यात जेवनाचा भोंगा झाला. दोघांनी डबे उघडले.

काकानं थोडा वेळ डब्याकडे पाह्यलं. मंग म्हने, "साहेब, जरा हात वर करा."

आमदारानं दोन्ही हात वर केले. काकानं जवसाची चटनी त्याच्या मांडीवरून पलीकडे नेली अन् भाऊच्या झाकनात टाकली.

भाऊनं भाकर मोडली. चटनी खाल्ली. मंग आंबाडी त्याच रस्त्यानं परत आली.

"तिखट कावून केली बे एवढी?" भाऊ म्हने.

"तुह्या वहिनीले विचार."

आमदाराचे हात अजून वरच होते. मी लॉगबुक अन् पेन घेऊन समोर गेलो.

"साहब, यहाँ जो बैठता है, उसका साइन लगता है।"

त्यानं हात खाली घेतले, पेन घेतला. "कहाँ करना है?"

"इधर 'दिली', मतलब दे दी। इधर 'घेतली', मतलब ले ली।"

आमदारानं एकदा काकाकडे पाह्यलं, एकदा भाऊकडे पाह्यलं. अन् दोन्ही कॉलममधे सही केली.